मालन पाळण्याकडे का बघत नाही

गुणाबाईंचं पहिलं पत्र कल्याणच्या आमच्या कचेरीत १९९७ च्या सप्टेंबरात आलं. आंतरदेशीय पत्र, शाळकरी सरळ अक्षर. खाली लिहिलं होतं : 'सांगणार गुणाबाई, लिहिणार माधुरी, मुक्काम बोरमाळ, तालुका मुरबाड.'

मी तेव्हा शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या बातम्या देत असे. शुक्रवारच्या अंकात टीव्हीवरच्या मालिकांसाठी अर्धं पान होतं. त्यातली वाचकांची पत्रं निवडायचं जास्तीचं काम माझ्याकडे आलं होतं. त्या वर्षी निम्मी पत्रं 'वरचं बिऱ्हाड' या एकाच मालिकेबद्दल असत. रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागणारी ही भुतांची विनोदी मालिका. तालुक्याच्या गावातलं जुनं घर. खाली एक साधं कुटुंब राहतं आणि माळ्यावर तीन भुतं. एक सरदार, ज्याचं डोकं धडावर टिकत नाही. एक पोस्टमन, अण्णा, ज्याच्या पिशवीतलं शेवटचं पत्र वाटायचं राहून गेलंय. आणि मालन नावाची हडळ, हिरवं लुगडं नेसलेली, आल्यागेल्याला घाबरवून सोडणारी. खालच्या कुटुंबात फक्त सुनेला ही तिघं दिसतात.

वाचकांची पत्रं बहुतेक एका साच्यातली असत. मालिका फार आवडते, सरदारचं काम छान, वेळ वाढवावी. बोरमाळच्या पत्रात असलं काही नव्हतं. त्यात होतं ते असं :

'सरदार भित्रा आहे असं सगळे म्हणतात. पण तो फक्त माणसांना भितो, भुतांना भीत नाही. म्हणजे त्याला माणसांनी मारलं, आणि तेही लढाईत नाही, घरात. लढाईत मेला असता तर तलवार उपसलेली असती. त्याची तलवार म्यानातून निघत नाही, कारण त्या वेळीही ती निघाली नव्हती.'

मी ते छापलं. पाच आठवड्यांनी मालिकेत सरदाराची कथा आली. भावाच्या घरी जेवायला बसलेला असताना त्याला मारलं होतं. तलवार खुंटीवर होती.

त्यानंतर बोरमाळचं पत्र दर आठवड्याला येऊ लागलं. गुणाबाई पात्रांचं कौतुक करत नसत. पात्र काय करतं आणि काय करत नाही, एवढंच सांगत, आणि त्यावरून पुढे काय करील ते. डिसेंबरअखेरपर्यंत त्यांनी असं चौदा वेळा सांगितलं होतं. मी वहीत नोंद ठेवली होती. चौदापैकी बारा वेळा ते खरं ठरलं होतं. दोन चुकांपैकी एक त्यांनी स्वतःच पुढच्या पत्रात कळवली होती.

नोव्हेंबरात दुसऱ्या एका बातमीसाठी टोकावड्याला गेलो होतो, तिथून तासभर डोंगराच्या अंगाने चालत बोरमाळला पोचलो. भाताची झोडणी चालू होती. गुणाबाई खळ्यावर पेंढ्याच्या गुंड्या बांधत होत्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, काटक, विधवा, घरात एकट्या. शेजारची माधुरी बारावी पास होऊन घरी बसली होती, तीच त्यांची लेखनिक.

"तुमी पेपरवाले," गुणाबाई म्हणाल्या. "तुमी बघता का मालिका?"

"बघतो."

"सगळी?"

"एखादा भाग चुकतो."

"मग तुमाला काय सांगू?" म्हणून त्या पुन्हा पेंढ्याकडे वळल्या.

"आत्या, असं नको गो बोलू," माधुरी हसत म्हणाली. "त्येच छापतात ना आपलं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील बोहाड्यात संबळ वाजवायचे. बोहाडा म्हणजे देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा त्या भागातला उत्सव. लहानपणी त्या वडिलांच्या पाठीमागे बसत.

"सोंग पडद्याभाईर यायच्या आधीच मला पाय ऐकू यायचे. गणपतीची चाल वेगळी, राक्षसाची वेगळी. मुखवटा आज ह्यानं घातला, उद्या त्यानं घातला, चाल बदलत नाय. एकदा चाल ठावी झाली की पुढचं पाऊल कुठं पडनार ते दिसतं."

"मालिकेतल्या भुतांचंही तसंच?"

"तिथं तर सोपं हाय. बोहाड्यात पन्नासच्या वर सोंगं. हितं तीन."

त्या दिवशी रविवार होता. गावात टीव्ही एकच, मंगळूच्या ओटीवर. मंगळूचा मुलगा धनेश मुरबाडच्या कारखान्यात कामाला होता, त्याने तो जुना, काळा-पांढरा घेतला होता. वीज गावात होती, पण साडेसहाला असेलच असं नव्हतं, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही चाले. बॅटरी दर सोमवारी एसटीने मुरबाडला भरायला जाई. नेण्याची पाळी घराघरांत लावलेली होती, आणि पाळी चुकवणाऱ्याच्या घरच्यांनी पुढच्या रविवारी अंगणात उभं राहून बघायचं, असा नियम होता.

ओटीवर तीस-पस्तीस माणसं दाटीने बसली. धनेशची बायको तानी पुढे, तिचं महिन्याभराचं बाळ आढ्याला टांगलेल्या झोळीत. मंगळू मात्र टीव्हीकडे पाठ करून कोपऱ्यात अंबाडीचा दोर वळत बसला होता. भुताखेतांची थट्टा त्याला पसंत नव्हती, असं तो चारदा म्हणाला. गुणाबाई सगळ्यांत शेवटी आल्या, झोळीशेजारून जाताना अंग वळवून गेल्या आणि पार कडेला खांबाला टेकून बसल्या. ते अंग वळवणं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला लागला नाही, म्हणून वहीतही उतरवलं नाही.

जानेवारीत दोन गोष्टी एकामागोमाग झाल्या.

पहिली बैलाची. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतून मंगळूने बैल आणला. सगळा गाव बघायला जमला. गुणाबाईंनी तो अंगणातून चालताना बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो मागचा उजवा पाय उचलून टाकतोय. खुरात काय तरी हाय." मंगळू चिडला. बैल पांढराशुभ्र होता, शिंगं रंगवलेली होती, त्याला कुणी खोट काढलेली नको होती. आठव्या दिवशी बैल त्याच पायाने लंगडू लागला.

दुसरी गोष्ट आमच्याकडून झाली. २३ जानेवारीच्या शुक्रवारी मी गुणाबाईंचं पत्र दिलं. त्यात त्यांनी म्हटलं होतं की येत्या भागात मांत्रिक घरात येईल तेव्हा सरदार पळणार नाही, मांत्रिकाच्याच झोळीत लपेल. कारण घाबरला की तो नेहमी घाबरवणाऱ्याच्या जवळ जातो, लांब जात नाही. त्या रात्री पान लावणाऱ्याला दोन ओळींत बसणारा मथळा हवा होता. त्याने दिला : 'भुतांचं मन जाणणाऱ्या बोरमाळच्या गुणाबाई'. मी तो पाहिला. गमतीचा वाटला, घाई होती, जाऊ दिला.

रविवारी सरदार मांत्रिकाच्या झोळीत लपला.

गुरुवारी माधुरीचं पत्र आलं. या वेळी त्यात मालिका नव्हती.

'मंगळूकाका पेपरचं कात्रण घेऊन घरोघर फिरतात. म्हणतात, भुतांचं मन भुताळीलाच कळतं, हे आता छापून आलं. बैलाचंही तेच सांगतात. रविवारी आत्याला ओटीवर बसू दिलं नाही, ती अंगणात उभी होती. येत्या रविवारी संध्याकाळी देवजी भगताला दाणे बघायला बोलावलंय. दाण्यात आत्याचं नाव आलं तर ते परत जाणार नाही. पलीकडच्या वाडीतली बाई अशीच दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेली. तुम्ही छापलंय, तुम्ही या.'

दाणे पाहणं म्हणजे सुपात तांदूळ टाकून, ते कसे पडतात त्यावरून आजाराचं किंवा नुकसानीचं कारण सांगणं. भगत जे नाव घेईल त्यावर गावात वाद होत नाही. भुताळी म्हणजे चेटकीण ठरलेल्या बाईच्या विहिरीवरच्या घागरीला कुणी हात लावत नाही, तिला कामाला बोलवत नाहीत, आणि गावात कुणाचंही मूल आजारी पडलं की तिच्या दारात माणसं जमतात.

१ फेब्रुवारीच्या रविवारी मी दुपारी बोरमाळला पोचलो. खिशात दुरुस्तीचा मजकूर होता, पुढच्या अंकासाठी तयार केलेला : 'मथळा चुकीचा होता. गुणाबाई मालिका लक्षपूर्वक पाहून अंदाज सांगतात.' मंगळू ओटीवर दोर वळत होता. मी वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"म्हंजे आधी छापलंत ते खोटं?"

"मथळा चुकला."

"आनि आता छापनार ते खरं?"

"हो."

"आनि ते पन चुकलं तर तिसरं छापाल." त्याने दोराला पीळ दिला. "माझा बैल लंगडा झाला, तो काय पेपरात झाला नाय."

मी गुणाबाईंच्या घरी गेलो.

माधुरी त्यांच्यासमोर उकिडवी बसून अजिजीने बोलत होती. "आत्या, आटगावला मावशीकडं जा ना आजच्या दिवस. पेपरवाले भाऊ नेतील तुला."

"तिचा टीव्ही रंगीत हाय," गुणाबाई म्हणाल्या. "मालनचं लुगडं खरंच हिरवं हाय का ते बघायचं हाय एकदा. पन आज नाय जायाची. आज गेले तर दाने बघायची बी गरज उरनार नाय, गेली म्हंजे भुताळी व्हतीच, असं म्हनतील."

"मग चुकीचं तरी सांग. देवजीबाबा विचारतील तवा काय पन उलटं सांग. चुकलं की सुटलीस."

चुलीवर भात शिजत होता, गुणाबाईंनी झाकण सरकवलं.

"सरदाराचं उलटं सांगन. अण्णाचं पन सांगन. मालनचं नाय सांगनार."

"का गो?"

"तिचं सगळेच उलटं सांगतात. त्यात मी आनखी कशाला?"

आदल्या भागाचा शेवट इथे सांगायला हवा. मांत्रिकाने मालनला लोणच्याच्या बरणीत पकडलं होतं. बरणीवर फडकं टाकून त्याने ती सासूच्या हातात दिली आणि सासूने ती फळीवर ठेवली. फळी बाळाच्या खोलीत होती. मालनला आता कोण सोडवणार, असा प्रश्न विचारून भाग संपला होता. आमच्याकडे आलेल्या एकतीस पत्रांपैकी सव्वीस जणांनी सरदार, तिघांनी अण्णा आणि दोघांनी सून असं लिहिलं होतं. बोरमाळहून त्या आठवड्यात मालिकेचं पत्र आलंच नव्हतं.

देवजी भगत सहाला आला. सत्तरीचा, बारीक, कानात भिकबाळ्या, काखेत सूप आणि कमरेला तांदळाची पुरचुंडी. पाणी प्याला आणि ओटीवर टीव्हीसमोर मधोमध बसला.

"बाबा, दाने," मंगळू म्हणाला.

"साडेसहा झाले का?"

"नाय अजून."

"मग मालिका झाल्यावर बघू. दाने कुठं पळत नाय." त्याने अंगणाकडे बघितलं. गुणाबाई आंब्याखाली उभ्या होत्या, माधुरी शेजारी. "तिला वर बोलवा."

कुणी हललं नाही. देवजीने मग स्वतःच हाक मारली. "गुणा, ये गो. तुझ्या बापाच्या संबळावर मी तीस वर्स राक्षस नाचवला. मला तिथून ओरडायला लावतेस व्हय?"

गुणाबाई आल्या. तानीने झोळी स्वतःकडे ओढून घेतली. गुणाबाईंनी ते पाहिलं, झोळीकडे पाठ करूनच पुढे गेल्या आणि खांबाशी बसल्या.

"आता सांग," देवजी म्हणाला. "तुला आधी कळतं म्हनतात. कसं कळतं?"

"बघून कळतं."

"काय बघून?"

"बाबा, तुमी राक्षस नाचवायचा तवा आधी डावा पाय आपटायचा का उजवा?"

"डावा. दोनदा."

"आनि मंग?"

"मंग गिरकी."

"मी परकरात व्हती तवापासून मला ते ठावं हाय. मी काय तवा भुताळी व्हती?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मंगळू म्हणाला, "बोहाडा वेगळा. तो आपला हाय, सगळ्यांनी बघितलेला हाय. ह्यो टीव्ही हाय. मुंबईत कोन काय नाचतंय ते हिला हितं बसून कसं कळतं?"

"हा पन सगळ्यांनीच बघितलाय," देवजी म्हणाला. "पंचवीस रविवार बघतोय आपन. का रे मंगळू, तू बघतोस ना?"

"मी कशाला बघू? मी दोर वळतो."

"मग तुझा दोर आतापावेतो मुरबाडला पोचाया पायजे व्हता."

आता मोठ्याने हशा झाला. मंगळूने मान वर केली नाही.

देवजीने हसणं संपू दिलं. मग सुपावर हात ठेवून म्हणाला, "मी दाने बघनार हाय. पन आधी मला समजू दे, हे गुणाला एकलीला कळतं का सगळ्यांना. धोंडे, तू सांग. अण्णा आज काय करील?"

धोंडीबाई म्हणजे धनेशची चुलती, ओटीवरची सगळ्यांत बोलकी बाई. तिने पदर सारखा केला. "अण्णा व्हय? तो खोलीत नाय शिरनार. दार लावलेलं असलं की तो भाईर उभा ऱ्हातो आनि 'टपाल' म्हनून हाका मारतो. कोनी उघडल्याबिगर आत नाय यायचा. भूत हाय, भिंतीतून जाईल, पन दारातून नाय."

"तुला कसं ठावं?"

"इतके भाग बघतेय, बाबा. तो तसाच हाय."

"बरं. आनि सरदार? मंगळू, तू सांग."

"मी बघत नाय म्हटलं ना."

"ऐकतोस ना? सांग."

मंगळूचे हात दोरावर थांबले. सगळी ओटी त्याच्याकडे बघत होती. धनेश टीव्हीची तार जोडता जोडता थांबला होता.

"तो काय करनार," मंगळू शेवटी चिडून म्हणाला. "बोंबलंल. मी हाय तवर मालनला हात लावाल तर याद राखा. तलवारीला हात घालील, ती नाय निघायची. जोर करंल तवा डोकंच खाली पडंल. गडगडत जाईल त्या मांत्रिकाच्या पायापाशी, आनि मांत्रिकच पळत सुटंल. दुसरं काय? त्याच्याच्यानं कदी काय मुद्दाम झालंय? झालं ते घाबरूनच झालंय बिचाऱ्याचं."

'बिचाऱ्याचं' हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि तो पुन्हा दोराकडे वळला.

देवजीने शेवटी गुणाबाईंकडे बघितलं. माधुरीने त्यांचा पदर धरला होता, मला ते दिसत होतं.

"मालन?"

"मालनला कोनी सोडवनार नाय," गुणाबाई म्हणाल्या. "ती अडकलेलीच नाय. मांत्रिकानं बरनीवर फडकं टाकलं, दोरा बांधला नाय. मी बघितलंय. ती मनात आनील तवा भाईर येईल."

"मग येत का नाय?"

"खोलीत बाळ हाय म्हनून." त्या टीव्हीच्या रिकाम्या काचेकडे बघत बोलत होत्या. "पंचवीस रविवार झाले, ती पाळन्याच्या बाजूनं जाते तवा पाठ करून जाते. लोक म्हनतात, तिला पोरं आवडत नाय. तसं नाय. ज्याला ज्याला तिनं घाबरवलं, तो पाळन्याकडं जात व्हता. ती राखन करते. पन स्वता बघत नाय, कारन तिनं बघितलं आनि पोराला साधा ताप जरी आला, तरी नाव तिचंच येनार. हे तिला ठावं हाय. आता ती बरनीत हाय. बरनीत हाय म्हंजे सगळ्यांना वाटतं, ती काय करू शकत नाय. म्हनून आज ती फडक्याच्या फटीतून बाळाला बघत बसंल. पोटभर बघंल. बाळ रडलं की भाईर येईल, पाळन्याला झोका देईल, आनि ते निजलं की परत बरनीत जाऊन बसंल."

मी वहीत हे लिहीत होतो. नोव्हेंबरात न लिहिलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं, आणि मी ते त्याखाली लिहिलं.

साडेसहाला धनेशने टीव्ही लावला.

तो भाग मी नंतर आणखी एकदा पाहिला, त्यामुळे क्रम नक्की सांगता येतो. चौथ्या मिनिटाला अण्णा बाळाच्या खोलीच्या बंद दारासमोर उभा राहिला आणि 'टपाल' म्हणून हाका मारू लागला. धोंडीबाई म्हणाली, "बघा!" नवव्या मिनिटाला सरदार जिन्यावरून ओरडत आला. मी असेपर्यंत मालनला हात लावाल तर, वगैरे. तलवारीला हात घातला. तलवार निघेना. पोरं आधीच "डोकं! डोकं!" म्हणून ओरडायला लागली. डोकं पडलं, गडगडलं, मांत्रिकाच्या पायाशी थांबलं आणि डोळे मिचकावले. मांत्रिक झोळी टाकून पळाला.

मग अंगणातून कुणीतरी ओरडलं, "मंगळूकाका भुताळा!"

ओटी हसून हसून वाकडी झाली. धनेश बापाकडे बघायचं टाळून टीव्हीच्या मागे तोंड लपवून हसत होता. मंगळू आता दोर विसरून पुरता टीव्हीकडे वळून बसला होता, आणि ते त्याला स्वतःला कळलं तेव्हा उशीर झाला होता. "गप बसा रे," तो म्हणाला. "मालनचं चाललंय."

मालनचं खरंच चाललं होतं. फळीवर बरणी होती. फडक्याचा कोपरा थोडासा वर झाला आणि दोन डोळे दिसले. बाळ झोपलेलं होतं. ते दोन डोळे बघत राहिले, विनोदी मालिकेत कुणी ठेवत नाही इतका वेळ. पार्श्वसंगीतही नव्हतं. मग बाळ रडलं. मालन बाहेर आली, पाळण्याला झोका दिला, दोनदा, आणि बाळ निजल्यावर मागल्या पावली बरणीकडे गेली. फडकं तिने स्वतःच्या हाताने वर ओढून घेतलं.

भाग संपला. जाहिराती सुरू झाल्या. बॅटरी उतरत आली होती, चित्र कडेने आक्रसत होतं.

मला या क्षणाची भीती होती. गुणाबाईंचं सगळं खरं ठरलं होतं, झोक्यासकट. पण धोंडीबाईने मोठा उसासा टाकला आणि म्हणाली, "मला पन वाटलंच व्हतं, ती स्वताच जाऊन बसली असंल."

"दोरा नव्हता ते मी पन बघितलं," दुसरी म्हणाली.

"मग बोल्ली का नायस?"

"मला कोनी इचारलं?"

पाच मिनिटांत ओटीवर असं कुणी उरलं नाही ज्याला ते आधी कळलं नव्हतं. देवजीने सूप उचललं. पुरचुंडीची गाठ त्याने सोडलीच नव्हती.

"बाबा," मंगळू म्हणाला. आवाज दुपारचा नव्हता. "बैल..."

"बैलाचं खूर बघ. सूप काय दाखवतोस मला? तिनं जत्रेतून आनलास त्याच दिशी सांगितलं व्हतं. तुला सरदाराचं कळतं आनि दारातल्या बैलाचं कळत नाय?"

धनेश कंदील घेऊन गोठ्यात गेला. थोड्या वेळाने परत आला. खुराच्या बेचक्यात बाभळीचा काटा होता, मोडलेला, वर पू धरलेला. मंगळूने काटा हातात घेऊन उजेडाला धरून बघितला आणि खिशात टाकला.

माणसं उठू लागली. गुणाबाईही उठल्या, खांबाला धरून, आणि जायला वळल्या, नेहमीसारखं अंग चोरून. तानीने झोळीतून बाळ काढून खांद्यावर घेतलं होतं. तिने सासऱ्याकडे बघितलं. मंगळू दोर गोळा करत होता.

"आत्या, जरा धरा गो," तानी म्हणाली. "माझी भाकरी ऱ्हायलीय."

आणि उत्तराची वाट न बघता तिने बाळ गुणाबाईंच्या हातात दिलं. गुणाबाई खाली बसल्या. बाळाने त्यांच्या कानातल्या फुलाकडे हात नेला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मंगळू दोर घेऊन त्यांच्या बाजूने आत गेला. जाताना थांबला, म्हणाला, "मान धरा त्याची, मान," आणि गेला.

सोमवारी बॅटरी मुरबाडला भरायला न्यायची पाळी धोंडीबाईच्या घरची होती. सकाळच्या एसटीत मी होतो. बॅटरी डोक्यावर घेऊन मंगळू चढला. का, ते मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. टोकावड्याच्या पुढे गेल्यावर मात्र त्याने मला विचारलं की सरदाराच्या भावाला पुढे शिक्षा होते का. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "व्हयाला पायजे."

दुरुस्ती शुक्रवारी, ६ फेब्रुवारीला छापली. मथळा मी स्वतः लिहिला. पुढच्या आठवड्यात बोरमाळहून जाड पाकीट आलं. आत सात पत्रं होती, चार माधुरीच्या अक्षरात, तीन वेगवेगळ्या पोरांच्या. सातांपैकी चारांचं सांगणं पुढे चुकलं. गुणाबाईंचं पत्र सगळ्यांत लहान होतं. ते जसंच्या तसं देतो :

'दुरुस्ती वाचून दाखवली. त्यात अंदाज असं लिहिलं आहे, ते काढा. अंदाज न बघता करतात. मालनबद्दल या आठवड्यात काही सांगायचं नाही, तिला थोडे दिवस बरणीत राहू द्यावं. सरदाराबद्दल माझं पत्र पाठवत नाही. ते मंगळूचं छापावं. त्याला सरदार माझ्यापेक्षा जास्त कळतो, कारण तो त्याला हसत नाही.'